विरजणातले फोटो

“आई, बाबांची ती बाटली कुठंय?”

आर्वी फ्रीजरमध्ये डोकं घालून विचारत होती. बर्फाचे ट्रे, मटारची पिशवी, मागच्या उन्हाळ्यातला आमरसाचा डबा, सगळं ओट्यावर येऊन पडलं होतं आणि सारिका दारात उभी राहून आपल्या स्वयंपाकघराची ही दशा बघत होती. पोरगी सकाळच्या गाडीने पुण्याहून आली काय, चहाला नको म्हणाली काय आणि थेट फ्रीजवर तुटून पडली काय!

“कुठली बाटली? घरात काय एक बाटली आहे?”

“बोटाएवढी, काचेची. निळं झाकण. वर ‘पेशीलेख’ असं छापलंय बघ.”

“अगं बाई, ती होय!” सारिकाला हसू आलं. “ती केव्हाच संपली. विरजण होतं ते. दही लावलं मी त्याचं.”

आर्वीने फ्रीजरमधून डोकं बाहेर काढलं.

“काय लावलंस?”

“दही. तुझे बाबाच म्हणाले होते, दह्याचे जंतू आहेत म्हणून. आणि इतकं सुरेख लागतं! अख्ख्या सोसायटीत आता तेच विरजण चालू आहे.”

आर्वी होती तिथेच फरशीवर बसली. फ्रीजचं दार उघडं, थंड वाफ तिच्या खांद्यावर येतेय, आणि तिचं लक्षच नाही.

“आई, त्यात आपले फोटो होते. सगळे. आता दुसरीकडे कुठेच नाहीत.”

ऐकणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल, म्हणून आधी उदयरावांबद्दल सांगायला हवं. उदय आवटी सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. रेघ जरा तिरकी गेली की अख्खा कागद बदलायला लावणारे मास्तर. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा, म्हणून ते घरातल्या फोटोंच्या मागे लागले. जुन्या फोनमधले, पेनड्राइव्हवरचे, नातेवाइकांनी पाठवलेले, सगळे एकत्र केले. एकाच केकचे पंधरा-वीस फोटो असत. त्यातला चांगला ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे, मग त्याला तारीख, गाव आणि फोटोतल्या माणसांची नावं जोडायची. सारिका म्हणायची, “एवढं लक्ष घरात घातलं असतंत तर नळाला गळती राहिली नसती.” ते हसायचे आणि पुढचा फोटो उघडायचे.

सगळं लावून झालं तेव्हा त्यांनी तीन प्रती केल्या. एक घरातल्या हार्ड डिस्कवर. एक इंटरनेटवरच्या एका कंपनीकडे. आणि तिसरी या दोन्हींपेक्षा निराळ्या जातीची पाहिजे, म्हणून मिरजेच्या ‘पेशीलेख’ प्रयोगशाळेतून ती बाटली करून आणली. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलंही होतं. पण सारिका तेव्हा वांग्याचे काप तळत होती आणि एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. तिच्या कानावर ‘दह्याचे जंतू’ एवढंच पडलं. ‘त्यात आपले फोटो आहेत’ हेही पडलं असेल, पण ती नवऱ्याची नेहमीची थट्टा समजून तिने सोडून दिलं.

उदयराव गेल्या माघात गेले. झोपेतच गेले. त्यानंतर त्यांची मेल कुणी उघडली नाही. मेलेल्या माणसाची मेल कोण उघडतंय? ती फोटोवाली कंपनी गाशा गुंडाळत होती, आणि ‘तुमचे फोटो उतरवून घ्या’ म्हणून उदयरावांना पत्रावर पत्र धाडत होती. मुदत संपली, फोटो गेले. आता वर्षश्राद्ध जवळ आलं, बाबांचा एक चांगला फोटो फ्रेम करावा म्हणून आर्वीने शोधाशोध केली तेव्हा हे उघड झालं. हार्ड डिस्क जोडली तर ती दोनदा खरखरली आणि गप्प झाली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मग तिला बाटली आठवली आणि ती तडक सांगलीला आली.

“सगळे म्हणजे...” सारिकाने ओट्याची कड धरली. “निहारचे?”

“निहारदादाचेही, आई.”

निहार सारिकाचा पहिला मुलगा. पाच वर्षांचा होऊन गेला. तो गेल्यावर दोन वर्षांनी आर्वी झाली. त्या काळी सगळेच फोनवर फोटो काढायचे, कागदावर कोण छापत होतं! आणि तो गेल्यावर सारिकाने सांगून टाकलं होतं की माझ्या पोराच्या फोटोला मी हार घालणार नाही, भिंतीवर काही लावायचं नाही. उदयरावांनी ऐकलं. त्यामुळे निहारचा एकही फोटो घरात कधी टांगला गेला नाही. वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाला, दुपारी सारिका दार लावून घ्यायची आणि एकटी ते फोटो बघत बसायची. त्या दिवशी तिला कुणी हाक मारायची नाही, हे घरात न सांगता ठरलेलं होतं.

आणि आता तेच गेले. तेही तिच्याच हाताने. गेली काही वर्षं असं व्हायचं की डोळे मिटले तर निहारचा चेहरा यायचा, पण हळूहळू त्यात आर्वीचं लहानपण मिसळायचं. मग फोटो बघितले की पुन्हा तो वेगळा व्हायचा. आता काय बघायचं? तिने आमरसाचा डबा उचलला, परत ठेवला, परत उचलला.

“मी मुद्दाम नाही गं केलं,” ती म्हणाली.

“मला माहितेय, आई.”

मुद्दाम कसं करेल? त्याचं असं झालं. उदयरावांचे दिवस होईपर्यंत घरात काही शिजलं नाही, शेजारपाजारचे डबे येत. त्यात सारिकाचं घरातलं विरजण बिघडलं, त्याला तार सुटली. पाहुणे गेले, घर रिकामं झालं, तेव्हा एका संध्याकाळी तिने स्वतःपुरतं दूध तापवलं. म्हटलं, उद्यापासून आपलं आपण जेवायला लागावं. दूध कोमट झालं आणि लक्षात आलं की विरजण नाही. खाली छायाकडे मागावं, तर दिवेलागण झालेली. तिन्हीसांजेला कुणी घरातलं दही दुसऱ्याला देत नाही, आणि ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथून मागायला जाणं तर तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात ती बाटली आठवली. दह्याचेच जंतू ना? ओतली दुधात. पहिल्यांदा लागायला वेळ लागला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी असं घट्ट, गोड दही झालं की सारिका भांडं पुढे घेऊन रडली. ते दही नवऱ्याने दिल्यासारखं वाटलं होतं तिला.

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉक्टर फरहीन मुजावर म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काकू, तुम्ही काय केलंय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळलं असतं तर केलं असतं का ओ?” सारिका म्हणाली.

मुजावर बाईंना हसू फुटलं, मग त्यांनी ते आवरलं. “तुमच्याकडे प्रत असेल ना?” आर्वीने विचारलं. प्रत नव्हती. लोकांचे घरचे फोटो प्रयोगशाळेने ठेवायचे नाहीत, बाटली हवाली केली की इथलं सगळं पुसायचं, असा नियम होता, आणि उदयरावांनी त्यावर सही करताना ‘हे बरं आहे’ असं म्हटलंही होतं.

मग बाईंनी कागद ओढला आणि समजावून सांगायला लागल्या. फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसते शून्य आणि एक. त्यांची लांबच लांब रांग. आणि प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए नावाचा जो धागा असतो, तो चार अक्षरांत लिहिलेला असतो. तेव्हा शून्य-शून्यला एक अक्षर, शून्य-एकला दुसरं, असं करत फोटोची भाषा डीएनएच्या भाषेत लिहिता येते. तसा धागा प्रयोगशाळेत जोडायचा आणि जंतूच्या पोटात सोडायचा. जंतू वाढला, त्याचे दोन झाले, की तो स्वतःबरोबर आपला फोटोही उतरवून काढतो. दह्याचे जंतू यासाठी निवडले, कारण ते निरुपद्रवी आणि माणसाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचे.

“पण एक जंतू केवढा! त्याच्या पोटात एका फोटोचा जेमतेम कोपरा मावतो,” बाई म्हणाल्या. “म्हणून एकेका जंतूला एकेक तुकडा दिलेला असतो, आणि तो तुकडा कुठला, त्याचा पत्ता त्यावरच लिहिलेला असतो. बाटलीत असे कोट्यवधी जंतू. सगळे वाचले की फोटो जुळतात. बाटली गार ठेवली की ते झोपलेले राहतात, शे-दोनशे वर्षंसुद्धा. तुम्ही त्यांना जागं केलं आणि दूध पाजलं.”

“म्हणजे वर्षभर मी...” सारिकाने आर्वीकडे बघितलं. “मी त्याची कढी केली ओ. ताक करून प्यायले.”

“प्यायलात, आणि वाढवलंतही. आजच्या तुमच्या दह्यात ते आहेतच. पण सगळे नाहीत. तुम्ही रोज जुन्या दह्यातलं चमचाभर घेऊन नवं लावता. त्या चमच्यात जे तुकडे आले ते पुढे गेले, राहिले ते तिथेच संपले. रोज थोडे गळत गेले. वर्षभरात निम्म्याहून जास्त गेले असणार.”

मग आर्वी म्हणाली, “आईने विरजण सोसायटीभर वाटलंय.”

मुजावर बाईंनी चष्मा परत लावला. “कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून,” सारिका म्हणाली. “छाया म्हणाली छान आहे, तर तिला दिलं. मग वरच्यांना. मग सगळ्यांनाच.”

“अहो काकू, मग आधी सांगायचं ना! प्रत्येक घराच्या चमच्यात वेगळे तुकडे गेले असतील. तुमच्याकडे गळालेलं त्यांच्याकडे टिकलं असेल. आणि जो तुकडा पाच घरांत आहे, त्यात कुठे अक्षर चुकलं असेल तर बाकीच्या चार घरांवरून दुरुस्त करता येतं. सगळ्यांच्या घरचं दही आणा.”

दुसऱ्या दिवशी सोसायटीत जी धमाल उडाली ती विचारू नका. बायका वाट्या घेऊन जिन्यात उभ्या. आर्वी नळ्यांवर फ्लॅटचे नंबर चिकटवतेय. एकीने कालच सगळ्या दह्याचा चक्का टांगला होता, तिने तोच आणला. दुसरीने खाली मान घालून सांगितलं की आमचं विरजण केव्हाच मेलं, तेव्हापासून विकतचंच आणते, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. “आमच्या दह्यात तुमचं लग्न असेल का ओ?” असंही कुणीतरी विचारलं. सारिका सगळ्यांना हसून उत्तरं देत होती आणि आतून पार घाबरलेली होती.

काही दिवसांनी मुजावर बाईंचा फोन आला. दोघी मिरजेला धावल्या. पडद्यावर उदयराव होते. मिशी काळी असलेले, मिशी काढलेले, परत ठेवलेले. आर्वीची पहिली सायकल. हरिपूरच्या संगमावरची सहल. सगळं स्वच्छ, तारखा-नावांसकट. सारिकाने पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला डोळे भरून पाहून घेतलं. आर्वीने फ्रेमसाठी एक फोटो निवडला.

“आणि निहार?” सारिकाने विचारलं.

मुजावर बाईंनी तारखांची पट्टी पुढे सरकवली. आर्वीच्या जन्माआधीची काही वर्षं पूर्ण कोरी होती.

“त्या वर्षांचे फोटो जंतूंच्या एकाच वाणात घातलेले होते. तो गठ्ठा कुठल्याच घरात आला नाही, काकू. एखाद्या भांड्यात असेल म्हणून दोनदा तपासलं. अजून कुणाला दिलंय का विरजण? आठवून बघा.”

सारिकाने आठवून पाहिलं. तिने दिलेलं प्रत्येक घर झालं होतं. घरी आल्यावर तिने छायाला गाठलं. छाया बिरनाळे म्हणजे तळमजल्यावरची, तोंडाने फटकळ, पण मनाची चांगली बाई. प्रश्न ऐकून ती नको तेवढा वेळ ओटा पुसत राहिली.

“मी दिलं होतं एकीला,” शेवटी ती म्हणाली. “अगदी सुरवातीला, तुम्ही मला दिलं त्याच आठवड्यात. रागावू नका, सारिकावहिनी. आमच्या भजनी मंडळात येतात त्या. तुमच्या जाऊबाई.”

“अक्कांना?” सारिका ताडकन उठली. “कुणाला विचारून दिलंस?”

“विरजण द्यायला कुणाला विचारतात होय?”

सारिका जिना चढून वर आली आणि दार लावून बसली.

भारतीअक्का तिची थोरली जाऊ. सांगलीच्या जुन्या गावभागात एकत्र घर होतं तेव्हा निहार आईपेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर जास्त असायचा. तिला ‘मोठी आई’ म्हणायचा. निहार हातचा गेला त्या दिवशी सारिकाची कोल्हापूरला, नोकरीतल्या बढतीसाठी, खात्याची परीक्षा होती. निहारला आदल्या दिवसापासून ताप होता. अक्का म्हणाली, “जा तू निवांत, मी आहे की.” सारिका गेली. अक्काने औषध दिलं, पोर झोपलं. झोपलंय म्हणून तिने त्याला उठवलं नाही. संध्याकाळी सारिका आली तेव्हा तो उठत नव्हता. मेंदूत गेलेला ताप. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुपारी आणला असता तर कदाचित. तो ‘कदाचित’ सारिकाने आजपर्यंत सोडला नव्हता. महिन्याभरात तिने वेगळं बिऱ्हाड केलं. थोरले दीर गेले तेव्हा ती दहा मिनिटं टेकून आली, उदयराव गेले तेव्हा अक्का दारापर्यंत येऊन गेली. बोलणं नाही ते नाहीच.

“मी जाणार नाही,” तिने आर्वीला सांगितलं.

“मग मी जाते.”

“तूही जायचं नाहीस. त्या बाईच्या घरून...”

आर्वी एरवी आईपुढे आवाज चढवणारी नव्हती. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाजही चढला. “आई, तू मला त्याचा एक फोटो कधी दाखवला नाहीस. दार लावून घ्यायचीस. मी बाबांच्या फोनमध्ये चोरून बघितले. माझाही भाऊ होता तो. तुला ते फोटो नको असतील तर राहू दे, मला हवेत.”

सारिका लेकीकडे बघत राहिली. या पोरीला आपण दाराबाहेर ठेवलं होतं, हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिने आर्वीला जवळ ओढलं आणि म्हणाली, “मीच जाते. उद्या सकाळी.”

गावभागातलं ते घर पाडून आता तिथे तीन मजली इमारत झाली होती आणि अक्का खालच्या दोन खोल्यांत राहत होती. गुडघ्यांनी थकलेली. दार उघडून तिने सारिकाला पाहिलं आणि बाजूला झाली.

“ये.”

सारिका खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. बाटली, दही, छाया, निहारचे फोटो. अक्काला त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण ‘निहार’ हे नाव आल्यावर तिने भिंतीला हात टेकला.

“माझ्या दह्यात?”

“असतील. नसतीलही. चमचाभर द्या, मी जाते.”

अक्का आत गेली आणि चमचाभर नाही, दह्याचं आख्खं मडकंच दोन्ही हातांत धरून घेऊन आली. मडकं तिला पेलवत नव्हतं. सारिकाने पटकन मडक्याला हात लावला, आणि दोघी ते मडकं धरून तशाच उभ्या राहिल्या.

“माझ्यापाशी त्याचा एक फोटो नाही गं,” अक्का म्हणाली. “उदयकडे मागावा असं कितीदा मनात आलं. पण कुठल्या तोंडानं मागायचा?”

इतकी वर्षं सारिकाने मनात हजार वेळा विचारलेला प्रश्न तेव्हा तिच्या तोंडातून बाहेर पडला. “तुम्ही त्याला उठवलं का नाही, अक्का?”

“आदल्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तूच म्हणालीस ना जाताना. मग दुपारी डोळा लागला त्याचा. कपाळ गार लागलं हाताला. मला वाटलं, उतरला ताप. देवाला हात जोडले मी. म्हटलं झोपू दे लेकराला, उठला की मऊ भात देऊ.” अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात मडक्यात गुंतलेले, पुसणार कसं? “भात लावला होता मी, सारिका. तो तसाच राहिला.”

सारिकाला हे ठाऊक नव्हतं. तिने कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. तो भात, गार कपाळ, जोडलेले हात. तिला वाटायचं अक्का त्या दुपारी सीरियल बघत बसली असेल, शेजारणीशी बोलत असेल. ताप असलेलं पोर ठेवून परीक्षेला आपणही गेलोच की, हेही तिला आठवलं, आणि आठवलं म्हणून अक्कावरचा राग गेला असंही नाही. तो होता. पण त्याच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. तिने मडकं आपल्याकडे घेतलं, खाली ठेवलं, आणि पदराने अक्काचे डोळे पुसले.

“फोटो निघाले तर कळवशील का?” अक्काने विचारलं.

“कळवायचं कशाला? तुम्हीच चला,” सारिका म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

तो गठ्ठा अक्काच्याच मडक्यात होता. मुजावर बाईंनी तिघींना पडद्यासमोर बसवलं आणि आधीच सांगून ठेवलं, “एकाच घरातून आलंय हे. ताडून बघायला दुसरं घर नाही, त्यामुळे फोटोंत कुठे कुठे भोकं आहेत. ती तशीच ठेवता येतात. नाहीतर मशीनला सांगितलं तर ते अंदाजाने भरतं. भरलेलं खऱ्यासारखंच दिसतं, पण खरं नसतं. तुम्ही ठरवा.”

आणि निहार आला. गालात भडंग कोंबलेला. उदयरावांच्या स्कूटरवर पुढे उभा. आंघोळ नको म्हणून पलंगाखाली शिरलेला, नुसते पाय बाहेर. कुठे भिंतीचा तुकडा करडा, कुठे आभाळ गायब. पण तो होता, आर्वीसारखा बिलकूल नव्हता, अगदी स्वतःसारखा होता. सारिका रडत होती आणि हसतही होती. “हा बघ, हा बघ तुझा दादा,” ती आर्वीला सांगत होती, “याच्या खिशात नेहमी खडे असायचे. धुण्याच्या मशीनमधून काढायची मी.” आर्वी एकेक फोटो परत मागे घ्यायला लावत होती. अक्का हाताची घडी घट्ट करून बसली होती, आणि फोटो बदलला की तिचे ओठ हलत होते.

मग एक फोटो आला. निहार कुणाच्या तरी मांडीवर बसलाय, डोक्यावर वाढदिवसाची कागदी टोपी, तोंडभर हसू. त्याच्या पोटाभोवती एका बाईचे दोन हात. पण हातांच्या वर सगळं करडं होतं. खांदा नाही, चेहरा नाही. नाव जिथे असायचं तो तुकडाही गळालेला होता.

पडद्यावर चौकट उघडली. या जागी कोण होतं, असं मशीन विचारत होतं, आणि स्वतःच सुचवतही होतं. आई. सारिका आवटी. शेजारी भरून दाखवलेला फोटोही होता. निहार आणि त्याला मांडीवर घेतलेली, तरुण, हसरी सारिका. एकही भोक नाही. कुणी म्हटलं नसतं की हा फोटो कधी काढलाच गेला नव्हता.

“बहुतेक फोटोंत मूल आईच्याच मांडीवर असतं ना, म्हणून त्याने तसं ओळखलं,” मुजावर बाई म्हणाल्या. “ठेवू का हा?”

सारिका त्या फोटोकडे बघत राहिली. निहारला मांडीवर घेतलेला आपला एवढा चांगला फोटो तिच्यापाशी एकही नव्हता. तिला तो हवासा वाटला, अगदी मनापासून हवासा वाटला. शेजारी अक्का मान खाली घालून बसली होती. तिने ते हात ओळखले होते, आणि ती एक शब्द बोलणार नव्हती.

“नको,” सारिका म्हणाली. “ती मी नाही.”

“मग कोण लिहू?”

“त्याची मोठी आई. भारती आवटी. आणि मशीनला काही भरू देऊ नका, मोकळीच राहू दे ती जागा. नाव तेवढं लिहा.”

मुजावर बाईंनी नाव लिहिलं. अक्काने मान वर केली. बराच वेळ तिने आपले ते दोन हात पाहिले, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या निहारला पाहिलं.

“हिरवी साडी नेसले होते मी त्या दिवशी,” ती हळूच म्हणाली.

“निळी होती, अक्का,” सारिका म्हणाली. “फोटो मी काढलाय.”